बदामाच्या वासापाशी

परवा खंडेनवमीला मी माझ्या प्रयोगशाळेत ओरडले. इतक्या जोरात, की शेजारच्या खोलीतले लोक काही पेटलं की काय म्हणून धावत आले. पेटलं काहीच नव्हतं. मुलांनी यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, टेबलावर पाट मांडून त्यावर दोन-चार फ्लास्क आणि वजनकाटा ठेवला होता, आणि मृणाल, माझी यंदाची नवी विद्यार्थिनी, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेका वस्तूला बोट लावत चालली होती. एका पांढऱ्या पावडरीच्या बरणीपाशी ती आली आणि तिनं झाकणाला हात घातला.

"उघडू नकोस ती बरणी!"

पोरगी दचकली, कोयरी कलंडली, माझ्या पांढऱ्या ओढणीचा पदर पिवळा झाला. "मॅडम, झाकण नीट बसलं नव्हतं, तेवढं फिरवत होते," ती कसंबसं म्हणाली. मग मला हसू आलं, सगळेच हसले, पेढे वाटले गेले. पण पुढचा सबंध दिवस मी पुण्यात नव्हतेच. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, आणि माझ्या कानात पाऊस पडत होता.

आमचा पाऊस तंजावरचा. इथे पुण्यात लोक छत्र्या माळ्यावर टाकतात तेव्हा तो तिकडे सुरू होतो. नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडलेल्या असतात, घरोघर संध्याकाळी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, खायला जायचं असतं, आणि जाता जाता परकर भिजतो. तमिळ माणसं त्या महिन्याला ऐप्पशी म्हणतात, आम्ही तिथली मराठी माणसं घरात आश्विन-कार्तिक म्हणायचो, पाऊस मात्र दोघांचा एकच. सकाळी नाही, दुपारी नाही, कपडे वाळत घातले रे घातले की येणारा. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओसरीवर दोऱ्या बांधलेल्या असत आणि त्यावर न वाळलेले कपडे, त्यांचा तो कुबट वास, त्यात शेजारून येणारा फिल्टर कापीचा वास, दुपारी कुणाकडे तरी तळल्या जाणाऱ्या वड्यांचा. मी माणूसच नाकाचं. डोळ्यांनी पाहिलेलं विसरते, नाकानं घेतलेलं विसरत नाही.

ज्या हंगामाविषयी मी सांगते आहे त्याचाही एक वास आहे. कडू बदामाचा.

तेव्हा मी गावातल्याच एका कॉलेजात संशोधन करत होते. कॉलेज जुनं, प्रयोगशाळा त्याहून जुनी, छताला पंखा असा की चालू केला तर कागद उडत आणि बंद केला तर जीव जाई. माझे मार्गदर्शक आरोग्यसामी सर. उंच, किडकिडीत, खिशाला पेनं लावलेले, रविवारी न चुकता चर्चला जाणारे आणि सरस्वतीपूजेला न चुकता प्रयोगशाळेत समई लावणारे. "मुलांना आवडतं, आणि सरस्वती माझ्यावर रागावेल असं मला वाटत नाही," असं म्हणायचे. सर तमिळच बोलत. मी इथे मराठीत सांगते. मला ते अंबुजम म्हणत. घरी मी अंबू.

काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. टोल्युईन नावाचा एक द्रव असतो, पाण्यासारखा दिसणारा, रंगाऱ्याच्या थिनरसारख्या वासाचा. त्यात कार्बन आणि हायड्रोजन, बाकी काही नाही. त्यात हवेतला ऑक्सिजन नेमक्या जागी घुसवला की त्याचं बेन्झाल्डिहाइड होतं. हाच तो बदामाचा वास. बदाम हलव्यात आणि गाडीवरच्या बदामदुधात जो घालतात तो. पण ऑक्सिजन फार खादाड. एकदा शिरला की तो तिथे थांबत नाही. बदामाच्या वासाचं पुढे बेन्झॉइक आम्ल होतं, पांढरे, निर्जीव, जवळजवळ बिनवासाचे स्फटिक. आमच्या काचेच्या नळीत वरच्या अंगाला ते साखरेसारखे जमायचे. बघायला सुंदर. सर ते दिसले की डोक्याला हात लावायचे. "पुन्हा पुढे गेली गाडी," म्हणायचे. साऱ्या कामाची मेख एवढीच: सुरू करायचं आणि मधल्या स्टेशनावर उतरायचं.

मोठ्या कारखान्यांत हे काम कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंकडून करवून घेतात. सरांना धातू नको होता. त्या वर्षांत बाहेरच्या नियतकालिकांतून एका सेंद्रिय पावडरीविषयी वाचायला मिळू लागलं होतं. नियतकालिकं आमच्यापर्यंत यायची ती चेन्नईहून काढून आणलेल्या, अर्धी अक्षरं पुसलेल्या झेरॉक्सच्या रूपानं. त्या पावडरीत एकही धातू नाही. ती आपल्यातला एक हायड्रोजन सोडते, मग टोल्युईनचा एक ओढून घेते आणि पुन्हा होती तशी होते. तोवर टोल्युईनमध्ये ऑक्सिजनला दार उघडलेलं असतं. आईला मी सांगितलं होतं, विरजण असतं ना, तसं. तिला ते लगेच पटलं. रात्रीचं विरजण आणि सकाळचं दही यांच्यामध्ये ती कुणाला बोट लावू देत नसे.

पावडर आम्ही आमच्या हातानं बनवत होतो. साय लागलेल्या दुधाच्या रंगाची, चमचमती. एका रुंद तोंडाच्या बरणीत ती भरून ठेवायची आणि प्रयोगाच्या वेळी बरणी हलवून हवी तेवढी काढायची. फ्लास्क तेलाच्या गरम पातेल्यात बुडवलेला, त्यावर काचेची उभी नळी, तिच्या डोक्यावर ऑक्सिजननं फुगवलेला फुगा. फुगे देवळाबाहेरच्या गाडीवरचे. लाल, हिरवे, कधी त्यावर मांजराचं तोंड. परदेशी झेरॉक्समधल्या रेखाचित्रात तिथे नुसता एक गोल काढलेला असे. आमच्या गोलाला मिशा होत्या. वीज गेली की तेल थंड व्हायचं, आली की पुन्हा पहिल्यापासून. तपासणीचं यंत्र तिरुचीला, तिथे नमुने पोचायचे तर कुणीतरी बसनं जाणारं शोधायचं. म्हणून पहिली परीक्षा नाकाची. झाकण काढून हातानं वारा घेत हुंगायचं. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी असं काही करताना पाहिलं तर परवासारखीच ओरडेन.

आणि त्या श्रावणात, एका दमट दुपारी, ते झालं. मी हुंगलं आणि मला गाडीवरच्या बदामदुधाचा वास आला. थोडासाच. नळीत पांढरे स्फटिक नाहीत. सरांना बोलावलं. त्यांनी हुंगलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा हुंगलं. "थोडंच झालंय," ते म्हणाले, "पण हवं तेच झालंय. आता पुन्हा करून दाखव." पण त्यानंतर नवरात्रापर्यंत दर वेळी गाडी पुढेच जात राहिली.

हे 'पुन्हा' फार महत्त्वाचं होतं. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. दिवाळीनंतर, कार्तिकात, बाहेरून कमिटी येऊन काम बघणार होती आणि मग ती वाढवायची की नाही ते ठरणार होतं. इकडे घरी मोठे काका, म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, थोरले भाऊ, चेन्नईहून दर आठवड्याला एसटीडी बूथवरून फोन करत. गल्लीतल्या एका घरी फोन होता, तिथे आम्ही सगळे जाऊन उभे राहायचो. काकांनी माझ्यासाठी कॉम्प्युटरच्या क्लासात जागा बघून ठेवली होती. देश उघडला होता, सगळे तेच म्हणत होते. माझ्या वर्गातले निम्मे लोक बाटल्या-नळ्या सोडून कीबोर्डवर बसले होते, आणि पहिल्या सुटीत घरी येताना अंगाला सेंटचा वास घेऊन येत. काका वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मी फुग्यांशी खेळत वय घालवते आहे. अप्पांना विचारावं तर ते जवळच्या पापनाशम गावच्या कचेरीतून गाडीनं दमून आलेले असत, "बघू" म्हणत आणि पेपर उघडत.

आईनंच शेवटी फोन घेतला. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळे तिनं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दादा, कार्तिकपर्यंत थांबा. तिचें होतें. नाहीं झालें तर मीच आणून सोडतें तिला चेन्नईंत. माझा शब्द." फोन ठेवल्यावर तिचे कान लाल झाले होते. आईची स्वतःची शाळा लवकर सुटली होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, पण मी अभ्यासाला बसले की स्वयंपाकघरातली भांडी हळू आपटायची.

सरस्वतीपूजेला, म्हणजे तिकडच्या खंडेनवमीला, सरांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. "अम्मा कधीच आलेल्या नाहीत. घेऊन ये," म्हणाले. आई नऊवारी नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून, डब्यात सुंडल घेऊन आली. दारात चपला काढल्या. आम्ही नको नको म्हणत असताना काढल्याच. सगळ्या वस्तूंकडे बघत हिंडली. फुग्यावरचं मांजर बघून तोंडाला पदर लावून हसली. गोल फ्लास्कपाशी थबकली आणि मला हळूच म्हणाली, "अय्यो, हा तर कलशच आहे की गे! तुझें सगळें आपल्या घरच्यासारखेंच आहे."

पूजेच्या टेबलावर सरांनी आमची पावडरीची बरणी मध्यभागी ठेवली होती. हेच आपलं आयुध, असं म्हणाले. सगळ्यांनी नमस्कार केले. हळदकुंकू वाहायचं काम सरांनी आईवर सोपवलं. मी बाहेर सुंडलसाठी पानं पुसत होते. पाऊस पन्हाळीतून धो धो कोसळत होता, आणि आत आईच्या बांगड्या वाजत होत्या. इतक्या समाधानात मी त्यानंतर फार थोड्या वेळा होते.

आमच्याकडे त्या दिवशी पूजेत ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्त म्हणून काम सुरू करायचं. मी केलं. सकाळपासून फ्लास्क तापत होता आणि संध्याकाळी त्यातून थिनरचा वास येत होता. नुसता थिनरचा. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. ना बदाम, ना पांढरे स्फटिक. ऑक्सिजन फुग्यात होता तसा होता, मांजर जसंच्या तसं गुबगुबीत.

सरांनी आधी फुग्यांवर संशय घेतला. रबरातून काही उतरत असेल म्हणून. गाडीवाल्याला सोडून दुसरीकडचे फुगे आणले. मग हवेतल्या ओलीवर. मग टोल्युईनच्या नव्या बाटलीवर. मी काचेची भांडी घासघासून बोटं सोलून घेतली. पावडरीवर कुणी संशय घेतला नाही, कारण श्रावणात जमलं ते त्याच बरणीतल्या पावडरीनं. दिवाळी आली. तिकडची दिवाळी पहाटेच्या एका अभ्यंगस्नानाची. मी तेल लावून घेताना रडले, आणि डोळ्यांत तेल गेलं असं सांगितलं. आईनं विचारलं नाही. फक्त नव्या साडीच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावून ती माझ्या हातात दिली. कोरं कापड आमच्यात तसंच नेसत नाहीत.

काकांचा फोन आला. क्लास सुरू व्हायची तारीख कळली. आईनं "हो हो" म्हटलं आणि घरी येऊन उगाच माझी ट्रंक पुसून ठेवली.

मग एका सकाळी जरा ऊन पडलं. असं ऊन पडलं की सगळी गल्ली धुण्याला बसायची. परसातल्या दगडावर आई माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट घासत होती, मी विहिरीचं पाणी ओढून देत होते. कोटाच्या खिशाशी एक फिकट पिवळा डाग होता. तिथे मी पावडरीचा चमचा पुसायची, ही माझी वाईट खोड. आईनं त्यावर साबणाची वडी घासली आणि डाग लालभडक झाला.

"ही हळद गे," आई म्हणाली. "साबू लागला की तांबडी होते. तिकडे कशाला घेतेस हळद?"

"आमच्याकडे कुठली हळद? ती पावडर आहे. तिलाही असाच रंग येत असेल," मी म्हटलं, आणि खरंच आमची पावडर क्षार लागला की नारिंगी होते, म्हणून मी पुढची बादली ओढायला वळले. पण आईनं पाणी ओतलं, पिळलं, वाळत टाकलं. साबण निघाला तसा डाग पुन्हा पिवळा झाला होता आणि जात नव्हता. आमच्या पावडरीचा डाग एका पाण्यात जातो. मी तो हुंगला. मी नाकाचं माणूस, सांगितलंच.

"आई, पूजेच्या दिवशी तू हळद कशाला कशाला लावलीस?"

"सगळ्यांना लावली."

"बरणीला?"

"बरणीला बाहेरून लावली. आणि एक चिमूट आंत घातली," ती सहज म्हणाली. "तें सगळें पांढरेंच्या पांढरें होतें की. देवापुढें असें पांढरें ठेवतात काय? अक्षतालासुद्धां हळद लावतों आपण. कुंकू नाहीं घातलें मी, रंग चढेल म्हणून. एवढीशीच हळद. तुझें चांगलें व्हावें म्हणून."

एवढीशी. आणि मी रोज ती बरणी हलवून हलवून ती नीट सगळीकडे पसरवली होती.

मला त्या क्षणी काय कळलं ते असं. आमचं सगळं काम एका साखळीवर चाललेलं. एका रेणूनं दुसऱ्याचा हायड्रोजन ओढायचा, त्यानं तिसऱ्याचा. हळदीतलं पिवळं द्रव्य त्या साखळीच्या मधे जाऊन उभं राहतं, स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं, आणि साखळी तिथे तुटते. ते हवेपासून राखतं. त्याचं कामच ते आहे. आईनं आमच्या विरजणात राखण करणारं काहीतरी घातलं होतं, आणि त्यानं इमानेइतबारे राखण केली होती.

मी म्हटलं, "काही नाही, सहज विचारलं." पण मला कधीच तोंड लपवता आलेलं नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातला साबण दगडावरून घसरून मातीत पडला आणि तिनं तो उचलला नाही.

"माझ्यामुळें झालें नाहीं होय गे तुझें?"

मी नाही नाही म्हणत राहिले. तिनं हात धुतले. मग पुन्हा धुतले. कोपरापर्यंत.

त्या दिवसापासून आईनं मला हळदकुंकू लावलं नाही. घरातून निघताना दारात थांबून कपाळाला बोट लावायचं हा तिचा रोजचा नेम होता. मी घाईत असले तर गल्लीच्या टोकापर्यंत मागे यायची. आता मी निघाले की तिला आत काहीतरी काम निघे. माझ्या पुस्तकांना हात लावीना, कोट मला धुवायला सांगू लागली. मी थांबून म्हणायची, "आई, कुंकू." ती आतून म्हणे, "तूंच लावून घे." कॉलेजपर्यंत बसमध्ये मला रिकाम्या कपाळाची जाणीव होत राहायची. कमिटी काय म्हणेल याची भीती त्या दिवसांत मला होतीच, पण तिच्याहून हे जास्त लागलं. मी रसायनशास्त्र सोडून चेन्नईला गेले असते तरी जगले असते. आईनं हात काढून घेतल्यावर कसं जगायचं ते मला माहीत नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते आधी इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग खिडकीतून पावसाकडे बघत बसले. मग म्हणाले, "अंबुजम, आपल्याला अडचण कशाची होती? सुरू होण्याची की थांबण्याची?"

"थांबण्याची."

"मग चूक हळदीची नाही, वेळेची आहे," ते म्हणाले. "नवी पावडर कर. आणि अम्मांना घेऊन ये."

"ती येणार नाही, सर."

"मी येतो बोलवायला."

आणि सर खरंच आले, छत्री घेऊन, गुडघ्यापर्यंत विजार दुमडून, आमच्या गल्लीतल्या पाण्यातून. आईनं त्यांना पितळी डबऱ्यात, त्या खोलगट वाटीत, कापी दिली आणि स्वतः दाराआड उभी राहिली. सर तमिळमधून म्हणाले, "अम्मा, तुम्ही घातलेली हळद बरोबरच होती. आधी घातली गेली, एवढंच. ती मागाहून घालायची आहे. माझा हात जड आहे, हिचा घाईचा. तुम्ही या."

"मला कळत नाहीं त्यातलें," आई दाराआडून म्हणाली.

"वेळ अंबुजम सांगेल. हात तुमचा."

ती लगेच हो म्हणाली नाही. अप्पा पेपरमागून म्हणाले, "जा की. बोलावतायत तर." अप्पांनी आयुष्यात घेतलेल्या थोड्या निर्णयांपैकी हा एक.

त्या दिवशी आईनं चपला दारात काढल्या आणि कशालाही हात लागू नये म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळून स्टुलावर बसली. नव्या पावडरीनं फ्लास्क तापत होता. वीज गेली नाही, हे आश्चर्य. बाहेर पाऊस, आत पंख्याची कुरकुर, फुगा हळूहळू सुरकुतत चाललेला. मी मधून मधून हुंगत होते. थिनर. थिनर. मग थिनरच्या पलीकडे काहीतरी, लांबून, देवळाबाहेरच्या गाडीवरून आल्यासारखं. मी आईकडे बघितलं. तिलाही आलं असावं. तिच्या नाकपुड्या हलल्या. माझं नाक तिच्याकडूनच आलेलं आहे.

सरांनी घरून आणलेली हळद घोटून, पातळ करून एका छोट्या नळीत ठेवली होती. आईनं ती धरली. तिचा हात फ्लास्कच्या तोंडाशी जाऊन थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि शाळेतल्या पोरीनं बाईंना विचारावं तसं विचारलं, "आत्तां घालूं, की मागाहून?"

"थांब."

पांढऱ्या स्फटिकांचा पत्ता नव्हता. वास भरत गेला. मी फ्लास्कवर वाकून हुंगत होते, सर घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"आत्ता, आई."

तिनं ओतलं. आतलं द्रावण पिवळंधमक झालं, आणि फुगा सुरकुतायचा थांबला. मांजराची मिशी होती तिथे राहिली. आम्ही वाट बघितली. बराच वेळ. पांढरं काही आलं नाही, बदामाचा वास गेला नाही. सर उठून उभे राहिले आणि आईला हात जोडले. आई संकोचून भिंतीला टेकली, आणि तिचा पिवळा झालेला अंगठा तिनं, तिला स्वतःला कळायच्या आत, माझ्या कपाळाला लावला.

मी रडले. ह्या वेळी तेलाचं निमित्त नव्हतं.

कमिटीपुढे आम्ही ते पुन्हा करून दाखवलं, आई नसताना, माझ्या हातानं. हळदीच्या जागी तिच्यातलं शुद्ध द्रव्य होतं आणि फळ्यावर त्याचं लांबलचक नाव. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी फ्लास्क हुंगला आणि "हलवा," एवढंच म्हणाल्या. शिष्यवृत्ती वाढली. काकांनी फोनवर आईला विचारलं, हे शिकून पुढे काय होणार. आई ओरडून म्हणाली, "तें मला नाहीं ठाऊक, दादा. वास फार छान येतो." आमच्या त्या कामानं जगात कुठला कारखाना उभा राहिला नाही. आता यापेक्षा कितीतरी चांगल्या वाटा निघाल्या आहेत, मृणाल त्यांतल्याच एकीवर चालते आहे. पण मी आजवर टिकले ती त्या मधल्या स्टेशनावर.

सर गेले. ती प्रयोगशाळा पाडून तिथे संगणकाची खोली केली, असं ऐकते. काका असते तर खूश झाले असते. मी पुण्यात आले, नोकरी, लग्न, इथली मराठी, इथली देवनागरी. ही अक्षरं मी तिशीत शिकले. आईला ती येत नाहीत. हा लेख मी तिला वाचून दाखवीन तेव्हा ती मधेच थांबवून म्हणेल, मी असें कुठें बोललें होतें गे.

अप्पांच्या मागे ती माझ्याकडे राहायला आली आहे. आमचा पाऊस इथे नाही म्हणून या दिवसांत जरा हिरमुसलेली असते. आयुष्यभर रसायनशास्त्र केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे की हवा सगळ्यांना खाते. टोल्युईनला, तेलाला, लोखंडाला, माणसाला. कुणाला भराभर, कुणाला सावकाश. शेवट पांढरा, बिनवासाचा. मधे कुठेतरी बदामाचा वास येतो, तेवढाच आपला. तो आला तेव्हा तो आला आहे हे कळायलाही नाक लागतं. त्या पावसात मला ते कळलं नव्हतं. मला वाटत होतं आम्ही कमिटीची वाट बघतो आहोत.

काल दसरा होता. मी नवी साडी घेतली होती. आईनं ती घडी मांडीवर घेतली, कोयरीत बोट बुडवलं. तिचा हात आता थरथरतो, हळद सांडत राहते. साडीच्या कोपऱ्याशी बोट नेऊन ती थांबली, आणि माझ्या लग्नाच्या हळदीपासून दर वेळी विचारते तसं, डोळे मिचकावून विचारलं, "आत्तां घालूं, की मागाहून?"

दर वर्षी मी हसते. काल मी तिच्याकडे बघत राहिले. खिडकीतून ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर आलेलं, गजरा सुकत आलेला, ती माझ्या उत्तराची वाट बघत बसलेली.

"आत्ता, आई," मी म्हटलं. "आत्ताच घाल."